बाटलीतले रोप आणि बाटलीतले औषध

(ऊस विकास विभागाकडून)



गट ऑफिसात ऊस नोंदीचे काम चालू होते. गर्दी होती. एक आबा रांगेतून पुढे आले आणि पिशवीतून एक बाटली काढून त्यांनी आमच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "साहेब, ह्यात पॉलिअमाईन हाय म्हंत्यात. टिश्यूच्या रोपावर मारलं की फुटवं दुप्पट. प्रयोगशाळेत हेच वापरत्यात, असं दुकानदार सांगतोय. खरं का खोटं, तेवढं सांगा."

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही कृषी पदविका घेतली तेव्हा नत्र, स्फुरद, पालाश शिकलो, ऑक्सिन-जिबरेलिनची नावे पाठ केली, पण पॉलिअमाईन हा शब्द आमच्या वहीत नव्हता. "आबा, आठ दिवस द्या," म्हणालो. आबांनी चार बाटल्या घेतल्या होत्या. त्यातली एक फोडून झाली होती, तीन शिल्लक होत्या.

आठ दिवसांचे वीस झाले. दरम्यान आणखी पाच-सहा सभासदांनी तोच प्रश्न विचारला. म्हणून आम्ही जे वाचले, ज्यांना कळते त्यांना विचारून जे समजून घेतले, ते येथे सविस्तर देत आहोत. विषय थोडा किचकट आहे. पण ज्याच्यावर पैसे घालायचे ती वस्तू आहे तरी काय, हे माहीत असलेले बरे.

टिश्यू कल्चर म्हणजे ऊतिसंवर्धन. ह्याचे दोन रस्ते आहेत आणि ह्या दोहोंची गल्लत झाली की पुढचे सगळेच चुकते.

पहिला रस्ता शेंड्याचा. निरोगी, जोमदार उसाचा शेंडा घ्यायचा, पाने एकेक सोलत जायचे. अगदी आतला वाढीचा कोंब उरतो. तो ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतो. तो निर्जंतुक करून बाटलीत पोषक द्रवावर ठेवतात. त्या द्रवात साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि संजीवके असतात. मुराशिगे आणि स्कूग ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ साली तंबाखूसाठी जे मिश्रण बसवले, तेच आजही बहुतेक प्रयोगशाळांत चालते. कोंबाला फुटवे येतात, ते वेगळे करून नव्या बाटल्यांत लावतात, त्यांना पुन्हा फुटवे येतात. अशी वाढ होत वर्षभरात एका शेंड्यापासून हजारो रोपे होतात. वाढीच्या अगदी टोकाच्या पेशींत विषाणू सहसा पोचलेला नसतो, म्हणून हे रोप मोझॅइकसारख्या रोगापासून मुक्त मिळू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी उसाच्या शेंड्यापासून मोझॅइकमुक्त रोपे वाढवल्याचा निबंध १९७५ साली प्रसिद्ध केला. म्हणजे हे काम आपल्या दारातले आहे, परदेशातून आलेले नवल नव्हे. आपल्या बेणेमळ्यासाठी जी रोपे येतात ती ह्याच रस्त्याने आलेली असतात.

दुसरा रस्ता गोळ्याचा. कोवळ्या पानाच्या सुरळीचा तुकडा घेऊन त्याला द्रवात टू-फोर-डी देतात. होय, तेच टू-फोर-डी, जे आपण उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारतो! लिटरला अवघे दोन-तीन मिलिग्रॅम दिले की पानाच्या पेशी आपले पानपण विसरतात आणि वेड्यावाकड्या वाढून त्यांचा पिवळट गोळा होतो. ह्याला कॅलस म्हणतात. मग टू-फोर-डी काढून घेतले की त्या गोळ्यातल्या काही पेशी पुन्हा शहाण्या होतात. बी नसताना बीमधल्या गर्भासारखा गर्भ तयार होतो आणि त्याला कोंब व मुळी फुटते. हवाई बेटांवर उसाचा असा गोळा १९६४ साली वाढवला गेला आणि १९६९ साली हाइन्झ आणि मी ह्या दोघांनी त्यातून पूर्ण रोपे उभी केल्याचे प्रसिद्ध केले. ('मी' हे त्या दुसऱ्या शास्त्रज्ञाचे आडनाव आहे, आमचा त्यात काही हात नाही.)

ह्या दुसऱ्या रस्त्याने आलेली रोपे मूळ वाणासारखीच निघतील ह्याची हमी नसते, त्यांत फरक पडतो. बेण्यासाठी हा दोष आहे. नवा वाण शोधणाऱ्याला मात्र तो गुण वाटतो. को ९४०१२ म्हणजे 'सावित्री' हा वाण कोसी ६७१ च्या अशाच रोपांतून निवडलेला आहे.

आता पॉलिअमाईनकडे येऊ. ते मुख्यतः ह्या दुसऱ्या रस्त्यावर भेटते.

पॉलिअमाईन म्हणजे कार्बनची छोटी साखळी आणि तिच्यावर जागोजाग नत्राचे खिळे. दोन नत्र असले तर पुट्रेसिन, तीन असले तर स्पर्मिडिन, चार असले तर स्पर्मिन. पुट्रेसिन हे नाव कुजण्यावरून पडले. बर्लिनच्या ब्रीगर नावाच्या डॉक्टरांनी १८८५ साली ते कुजलेल्या मांसातून वेगळे केले. ओढ्याकडेला मेलेल्या जनावराचा जो वास येतो, त्यात ह्याचा वाटा असतो. स्पर्मिनचा शोध कशात लागला ते नावावरून ज्याने त्याने ओळखावे, गटाच्या बैठकीत आम्ही सांगणार नाही. पण नावे कशीही असोत, ही द्रव्ये माणसात आहेत, बैलात आहेत, उसात आहेत, जिवाणूत आहेत. प्रत्येक जिवंत पेशी ती स्वतःच बनवते. ऊस ती आपण दिलेल्या नत्रापासूनच बनवतो. आधी नत्राची आर्जिनिन, ऑर्निथिन अशी अमिनो आम्ले होतात, त्यांपासून पुट्रेसिन होते आणि त्याला आणखी एक तुकडा जोडून पुढची दोन होतात.

ती पेशीत करतात काय? ह्याचे उत्तर आपल्या काळ्या रानातच आहे. चिकणमातीच्या कणावर ऋण भार असतो म्हणून ती धन भाराचे पालाश, कॅल्शियम धरून ठेवते, हे माती परीक्षणाच्या वेळी आम्ही अनेकदा सांगितले आहे. पेशीतली आनुवंशिक धाग्यांची गुंडाळी म्हणजे डीएनए, तसेच पेशीचा पडदा, ह्यांवरही ऋण भार असतो. पॉलिअमाईनवर धन भार असतो. ती ह्या धाग्यांना आणि पडद्याला चिकटतात, त्यांना स्थिर ठेवतात, प्रथिने बनवण्याच्या कामाला मदत करतात. पेशी वेगाने विभागू लागली की पॉलिअमाईनची गरज वाढते, म्हातारी होऊ लागली की त्यांचे प्रमाण सहसा कमी होते. अमेरिकेत येल विद्यापीठात गॅल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात ओटच्या पानांच्या उघड्या पेशींवर काम केले तेव्हा त्यांना हेच दिसले, की पॉलिअमाईन दिले असता त्या नाजूक पेशी फुटण्याचे प्रमाण कमी होते.

मग गोळ्यातून रोप होण्याशी ह्याचा संबंध कसा कळला? रानगाजरावरून. १९८४ साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी रानगाजराच्या पेशींना असे एक रसायन दिले, की जे आर्जिनिनपासून पुट्रेसिन होण्याची वाटच बंद करते. पेशी मेल्या नाहीत, पण गर्भ तयार होणे रोखले गेले. मग त्याच पेशींना वरून पुट्रेसिन दिले, तर गर्भ पुन्हा होऊ लागले. स्पर्मिडिन किंवा स्पर्मिन दिले तरी तोच परिणाम. चोराला पकडण्यासाठी आधी दार बंद करून पाहावे आणि मग उघडून पाहावे, तसा हा प्रयोग. आम्हांला तो फार आवडला, कारण त्यात शंकेला जागा थोडी राहते.

उसावर असे काम ब्राझीलमध्ये झाले. २०१६ साली तेथील संशोधकांनी दाखवले की उसाच्या गोळ्याला वाढीच्या ठरावीक टप्प्यावर पुट्रेसिन दिले असता गर्भांची संख्या वाढते आणि पेशीतील प्रथिनांचा मेळही बदलतो. पण सगळ्याच गोळ्यांना हे लागू पडत नाही. ज्या गोळ्यात रोप होण्याची धमक मुळातच आहे, त्यालाच त्याचा फायदा. नुसत्या पाणथळ, लिबलिबीत गोळ्यावर कितीही ओतले तरी रोप होत नाही. शिवाय पुष्कळ पिकांत असे दिसते की सुरुवातीला पेशी वाढत असता पुट्रेसिन जास्त लागते आणि गर्भ पक्व होताना स्पर्मिडिन-स्पर्मिनचा वाटा वाढावा लागतो. म्हणजे नुसते किती हा प्रश्न नाही, केव्हा आणि कोणते हाही आहे. बाळबांधणीचा नत्र मोठ्या बांधणीनंतर चार महिन्यांनी दिला तर काय होते ते सभासदांना सांगायला नको.

आणखी एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. इथ्रेल हे नाव अनेकांना माहीत आहे. ते पानात गेले की फुटून इथिलीन वायू सुटतो, फळ पिकवणारा तोच हा वायू. झाड स्वतःही इथिलीन बनवते. आता पेशीत एक कच्चा माल असा आहे, की त्याच्यापासून एकीकडे इथिलीन होते आणि दुसरीकडे पुट्रेसिनचे स्पर्मिडिन होते. एका पाटावर दोन चाऱ्या असाव्यात तसे. एकीकडे पाणी जास्त वळले की दुसरीकडे कमी पडण्याचा संभव. बंद बाटलीत इथिलीन साठले तर कित्येक रोपे पिवळी पडतात, पाने गाळतात, फुटवा अडतो. म्हणून काही प्रयोगशाळा बाटलीची हवा खेळती ठेवतात, काही इथिलीनचा परिणाम अडवणारे सिल्व्हर नायट्रेट वापरतात आणि काहींनी पॉलिअमाईन वापरून पाहिले आहे. दुकानदार जे म्हणाला की "प्रयोगशाळेत हेच वापरतात", त्यात एवढाच खरेपणा आहे. काही प्रयोगशाळा, काही पिकांत, काही टप्प्यांवर, बंद बाटलीत वापरतात. आणि आपली बेण्याची रोपे तर शेंड्याच्या रस्त्याने येतात, त्यांचे रोजचे काम प्रामुख्याने नेहमीच्या संजीवकांवर भागते.

आता आबांचा मूळ प्रश्न. शेतात मारावे का?

टू-फोर-डीचे उदाहरण पुन्हा डोळ्यापुढे आणा. बाटलीत ते रोप होण्याच्या वाटेवर नेते, बांधावर चुकून उडाले तर शेजाऱ्याची भाजी वाकडी करते. द्रव्य तेच. बाटलीतल्या गोळ्याला पान नाही, मूळ नाही, त्याला जे द्यायचे ते आपणच द्यायचे. शेतातले रोप आपले पॉलिअमाईन आपण बनवते. पेशी त्याचे प्रमाण हाती धरून असते, जास्त झाले तर ते मोडून टाकते आणि ते मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड निघते, जे वाजवीपेक्षा जास्त साठले तर पेशीलाच जाळते. इतर काही पिकांवर, पाण्याच्या किंवा क्षाराच्या ताणात, फवारणीचे प्रयोग झाले आहेत आणि काहींत उपयोग दिसल्याचे निबंधही आहेत, हे आम्ही लपवत नाही. परंतु उसाच्या लागवडीसाठी कृषी विद्यापीठाच्या ज्या शिफारशी आमच्यापाशी आहेत त्यांत अशी फवारणी कोठेही नाही. त्यामुळे आमचा विभाग ती सांगणार नाही. शिवाय आबांच्या बाटलीवर कोणते पॉलिअमाईन, किती टक्के, काहीच छापलेले नव्हते. एक हिरवे पान आणि "जादुई फुटवा" एवढेच! जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा बाटलीवर घटक आणि त्यांचे प्रमाण छापलेले नसेल तर ती खाली ठेवावी आणि पक्की पावती मागावी.

ह्याच वाचनात आम्हांला एक जुनी गोष्ट सापडली आणि ती आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९५२ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड्‌स आणि कोलमन ह्यांनी पालाश कमी दिलेल्या बार्लीच्या पानांत पुट्रेसिन साठलेले पाहिले. पालाश धन भाराचे, पुट्रेसिनही धन भाराचे. पालाश मिळेना म्हणून झाड उसनवारीने पुट्रेसिनवर भागवू पाहते, असा त्याचा अर्थ पुढे लावला गेला. म्हणजे पानात पुट्रेसिन जास्त झाले ही नेहमीच चांगल्या तब्येतीची खूण नव्हे, कधी ती उपासमारीची खूण असते! आणि आपल्याकडे काय चालते? आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश ही शिफारस आहे. नत्राचा हात सढळ असतो, पालाश निम्म्यावर येते, कधी "पुढच्या वेळी बघू" म्हणून राहूनच जाते. आबांना आम्ही विचारले, "पोटॅश टाकलं का?" आबा गप्प. चार बाटल्यांच्या पैशात पोटॅश आले असते, हे त्यांनी आमच्या आधी मनात मोजले होते असे त्यांच्या तोंडावरून दिसले.

पण सभासद असल्या बाटल्यांकडे का वळतात, त्याचा दोष थोडा आमच्याकडेही येतो. तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका ठिकाणाहून टिश्यूची रोपे आणवली. ट्रक रात्री आला. रोपे दिसायला हिरवीगार, पाने लुसलुशीत, सगळे खूष. आम्हीही. दुसऱ्या दिवशी उन्हात लावली आणि आठवडाभरात निम्म्याहून जास्त रोपांनी माना टाकल्या. नंतर कळले ते असे: बाटलीतल्या रोपाला शंभर टक्के ओलाव्याची सवय असते. त्याच्या पानावर मेणाचा थर पातळ असतो, श्वासाची छिद्रे नीट मिटत नाहीत, मुळ्या नावालाच. बाटलीतून काढल्यावर त्याला पिशवीत किंवा ट्रेमध्ये, आधी दमट सावलीत आणि मग हळूहळू उघड्यावर, असे दीड-दोन महिने काटक करावे लागते. त्या लोकांनी ते पुरते केले नव्हते. आणि आम्ही उतरवून घेताना एकही रोप पिशवीतून काढून त्याच्या मुळ्या पाहिल्या नव्हत्या. ही चूक आमची. पैसे सभासदांच्या बिलातून गेले.

त्या वर्षी ज्यांची रोपे मेली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी टिश्यूचे नाव टाकले आणि शेजारच्या खोडव्याचे बेणे आणून लावले. पुढल्या लागणीत त्यांच्यातल्या काहींच्या प्लॉटमध्ये गवताळ वाढीची बेटे दिसू लागली. पांढरट, केसासारखे बारीक फुटवे, एकही गाळपालायक ऊस नाही. ती बेटे उपटताना जे ऐकावे लागले ते ऐकण्यासारखेच होते. तेव्हा फुटव्याची बाटली विकणाऱ्याचे ऐकले जाते आणि आमचे नाही, ह्याचे आम्हांला फारसे नवल वाटत नाही.

म्हणून ह्या खेपेस रीत बदलली आहे. ट्रक दिवसा उजेडी येईल. उतरवताना आम्ही स्वतः किंवा गटाचे शेतकी मदतनीस हजर राहतील. प्रत्येक ट्रेमधून दोन-चार रोपे उपसून पाहिली जातील: मुळ्या पांढऱ्या आणि मातीला धरून आहेत का, पाने बोटाला चामट लागतात का, चार-पाच पाने उघड्यावर आलेली आहेत का. लुसलुशीत, उंच, फिकट रोप दिसले की परत. सभासदानेही हे पाहावे, भीड धरू नये. लागवड ढगाळ दिवशी किंवा दुपार टळल्यावर करावी, आधी सरी ओली करून घ्यावी. साडेचार फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावले तर एकराला ४,८४० रोपे बसतात. तुटाळी भरायला थोडी जास्त घ्या, आणि ती सावलीत नव्हे, रानाच्याच कडेला ठेवा.

जेठा कोंब मोडावा की नाही, असेही विचारणा होते. रोपाला चांगले तीन-चार फुटवे आल्याखेरीज हात लावू नका.

आणि टिश्यूचे रोप म्हणजे रोगापासून कायमचे कवच नव्हे. ते येताना स्वच्छ येते, इतकेच. शेजारच्या प्लॉटमधून मावा आला तर पिवळ्या पानांचा रोग त्यालाही लागतो, काणीचे बी वाऱ्याने येते. ह्या रोपांच्या पहिल्या उसाचा पायाभूत बेणेमळा करायचा, त्यातून प्रमाणित बेणे घ्यायचे आणि दोन-तीन लागणींनी बेणे पुन्हा बदलायचे, ही साखळी मोडली की टिश्यूवर घातलेले पैसे वाया गेले म्हणून समजा. ज्यांना रोपे परवडत नाहीत त्यांच्यासाठी बेण्याची उष्ण बाष्प हवा प्रक्रिया आहेच. ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास ठेवले की गवताळ वाढीचा बराच बंदोबस्त होतो. मात्र विषाणूसाठी त्याचा भरवसा धरू नये. त्याला शेंड्याचेच रोप पाहिजे.

रोपांची मागणी नोंदवताना सातबारा, माती परीक्षणाचा कागद आणि पाण्याची सोय एवढे गट ऑफिसात दाखवावे. माती परीक्षणाचा कागद नसेल त्यांची नोंद थांबवून ठेवली जाईल. ह्यावर काही सभासद रागावले आहेत. त्यांनी जरूर रागवावे, पण नमुना आणून द्यावा.

आबांना आम्ही हे सगळे त्यांच्या बांधावर बसून सांगितले. सगळे ऐकून ते म्हणाले, "म्हंजे ऊस ते आपलं आपण करतोय. मग दुकानदार काय करतोय?" आम्ही हसलो. तीन सीलबंद बाटल्या दुकानदाराने परत घेतल्या, पैसे मात्र रोख दिले नाहीत, उधारीच्या खात्यात वळते केले. त्याच खात्यावर आबांनी दोन पोती पोटॅश उचलले. फोडलेली चौथी बाटली त्यांनी आमच्याकडे आणून दिली आहे. ती गट ऑफिसाच्या कपाटात ठेवली आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी येऊन पाहावी.